धर्म आणि सरकार यांच्यातली रेषा नेमकी कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारताची राज्यघटना आणि महाराष्ट्रातले कायदे धरून दिली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्माच्या विरोधात का?

नाही. धर्मनिरपेक्षता ही सरकारकडून करायची अपेक्षा आहे, माणसाकडून नाही. रोज देवळात जाणारा तलाठी धर्मनिरपेक्ष राज्याचा उत्तम नोकर असू शकतो. सातबाऱ्यावर नोंद घेताना समोरच्याचा धर्म बघणारा तलाठी तसा नोकर असू शकत नाही, मग तो स्वतः नास्तिक का असेना.

शब्दावरून होणारा गोंधळ मात्र खरा आहे. घटनेच्या उद्देशिकेच्या (प्रास्ताविकेच्या) मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. धर्म म्हणजे कर्तव्य असा अर्थ घेणारे म्हणतात की राज्य कर्तव्यापासून निरपेक्ष कसं राहील? म्हणून त्यांना हिंदीतला शब्द जवळचा वाटतो. कोणताही शब्द घेतला तरी नागरिकाचे हक्क कलम २५ ते २८ मधूनच येतात आणि तिथे काही बदलत नाही.

२. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आणीबाणीत घातला. मूळ घटनेत तो नव्हताच ना?

शब्द नव्हता, हे बरोबर. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला. पण व्यवस्था आधीपासून होती. संविधान सभेत के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘सेक्युलर, फेडरल, सोशालिस्ट’ हे शब्द घालायची दुरुस्ती मांडली आणि ती नामंजूर झाली. एवढंच सांगून लोक थांबतात. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी दुरुस्ती मांडली, तीही ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली, हे सहसा सांगितलं जात नाही. सभेत श्रद्धावान सभासदांची वाण नव्हती. तरीही राज्याच्या मजकुरात देवाचं नाव नको, असं त्यांनी मतदानाने ठरवलं.

केशवानंद भारती खटल्याच्या निकालात (१९७३), म्हणजे शब्द येण्यापूर्वीच, धर्मनिरपेक्ष स्वरूप घटनेच्या मूलभूत चौकटीत गणलं गेलं. बोम्मई खटल्यात (१९९४) नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे ते आणखी पक्कं झालं. शब्द काढून टाका अशा याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. उद्या समजा शब्द वगळला, तरी सरकारी शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही, कारण ती बंदी कलम २८ मध्ये आहे.

३. धर्म आणि सरकार यांच्यात अमेरिकेसारखी भिंत आपल्याकडे का नाही?

कारण भिंत घातली असती तर देवळांची दारं कायद्याने उघडता आली नसती.

अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची, फ्रान्सचा फारकतीचा कायदा १९०५ चा. दोन्हीकडे मुख्य भीती होती एका बलाढ्य चर्चची किंवा राजाश्रयाची. (फ्रान्समध्येही अल्सास-मोझेल भागात तो कायदा लागू नाही, १९०५ साली तो प्रदेश जर्मनीकडे होता. इंग्लंडमध्ये तर २६ बिशप आजही वरिष्ठ सभागृहात बसतात.) आपल्याकडचा प्रश्न वेगळा होता. इथे धर्माच्या नावाखाली माणसाला पाणवठ्यावर, रस्त्यावर, गाभाऱ्यात मज्जाव होता. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. ‘धर्माचा अंतर्गत मामला’ म्हणून राज्य बाजूला राहिलं असतं तर ते अन्यायाच्या बाजूने उभं राहिलं असतं. म्हणून कलम २५(२)(ख) राज्याला समाजसुधारणेसाठी आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळं सर्व हिंदूंना खुली करण्यासाठी कायदा करू देतं.

या मुभेची किंमतही आहे. एकदा आत गेलेलं सरकार बाहेर पडायचं नाव घेत नाही. ते प्रश्न ६ मध्ये.

४. एखादी गोष्ट चूक की बरोबर, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

तीन गोष्टी विचाराव्यात.

पैसा कोणाचा? विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा निर्वाहासाठी राखून ठेवलेला कर कुणाकडूनही सक्तीने घेता येत नाही (कलम २७).

सक्ती आहे का? श्रद्धेचं आणि आचरणाचं स्वातंत्र्य कलम २५ देतं, त्यात न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत.

पदाचा वापर होतोय का? जिल्हाधिकारी घरी काय करतात हा त्यांचा प्रश्न. सहीशिक्क्याने काय करतात हा सगळ्यांचा प्रश्न.

याशिवाय कलम २६ आहे. ते माणसाला नाही, संप्रदायाला हक्क देतं: धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार स्वतः पाहणं आणि मालमत्ता बाळगणं. पण मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ करायचा असतो. पूजा कशी करायची हे संप्रदाय ठरवतो, हिशेब कसा ठेवायचा हे कायदा ठरवतो. न्यायालयातले निम्मे वाद या दोन वाक्यांमधल्या फटीत आहेत.

५. कोणत्या प्रथेत सरकार हात घालू शकतं आणि कोणत्या नाही?

१९५४ च्या शिरूर मठ निकालापासून कसोटी अशी: ती प्रथा त्या धर्माचा ‘अत्यावश्यक भाग’ आहे का? असेल तर संरक्षण भक्कम, नसेल तर कायदा चालतो. त्याच वर्षी रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात महाराष्ट्राचा विश्वस्त कायदा तपासला गेला. नोंदणी, हिशेब आणि वर्गणी न्यायालयाने कायम ठेवली. खुद्द धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र रद्द केली.

ही कसोटी फार समाधानकारक नाही, हे आमचं स्पष्ट मत. न्यायमूर्तींना धर्मग्रंथ उघडून कोणती प्रथा खरी आणि कोणती नंतर चिकटलेली हे ठरवावं लागतं. त्यापेक्षा ‘या प्रथेने कुणाची प्रतिष्ठा किंवा समान हक्क हिरावला जातो का?’ हा प्रश्न सरळ आहे. बहिष्काराचा इतिहास बघा. १९४९ चा मुंबई प्रांताचा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला, कारण दाऊदी बोहरा धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार कलम २६ खाली येतो असं धरलं गेलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा कायदा केला आणि भर ‘सामाजिक’ बहिष्कारावर ठेवला: वाळीत टाकणं, दुकानातून माल न देणं, लग्न-मयताला जाऊ न देणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतीचे दंड आणि माफीनामे या कायद्यात बसतात.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही याच वळणाचा आहे. अनुसूचीत दिलेली कृत्यं तेवढी गुन्हा ठरतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं हा गुन्हा आहे, नवस बोलणं नाही. या कायद्याने वारी बंद होईल असं सांगितलं जात होतं. वारीला या कायद्याने बोटही लावलेलं नाही.

६. सरकार फक्त देवळांवरच ताबा ठेवतं. मशिदी आणि चर्च का सोडतं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. यात तथ्य आहे, पण जेवढं पसरवलं जातं तेवढं नाही.

तथ्य असं की तमिळनाडूसारख्या राज्यांत हिंदू धर्मादाय खातंच आहे, देवळांवर कार्यकारी अधिकारी सरकार नेमतं आणि चर्चसाठी तसं खातं नाही. मुळं जुनी आहेत. कंपनी सरकार देवळांचा कारभार बघायचं, त्याला मिशनऱ्यांनी हरकत घेतली आणि १८६३ च्या कायद्याने सरकारने अंग काढून घेतलं. मग विश्वस्तांच्या मनमानीच्या तक्रारी वाढल्या आणि विसाव्या शतकात सरकार दुसऱ्या दाराने परत आलं.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी. इथला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा (आधीचं नाव मुंबईचं) धर्म बघत नाही. देऊळ, चर्च, अग्यारी, वाचनालय, दवाखाना, सगळ्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. वक्फसाठी वेगळा केंद्रीय कायदा आणि मंडळ आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे ‘फक्त देवळं’ हे महाराष्ट्रापुरतं चूक आहे.

काही देवळांसाठी मात्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केले: पंढरपूर १९७३, प्रभादेवीचा सिद्धिविनायक १९८०, शिर्डी २००४. तिथल्या समित्या सरकार नेमतं आणि खरी अडचण तिथे आहे. पंढरपूरच्या कायद्याला कारण होतं: बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क आणि भाविकांच्या तक्रारी. तो वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये मिटला. पण हक्क काढून घेणं वेगळं आणि नंतर कायमची नेमणूक हातात ठेवणं वेगळं. समितीवर सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते तेव्हा धर्मही सुटत नाही आणि सरकारही. शिर्डीचं सरकारनियुक्त मंडळ औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केलं, ते नेमणुकीचे नियम पाळले नाहीत म्हणून.

तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात ६ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगून ठेवलं आहे: गैरकारभार दूर करण्यापुरतंच सरकारने आत यावं आणि तो दूर झाला की कारभार परत द्यावा. आमच्या मते हाच मार्ग बरोबर आहे आणि तो सगळ्या धर्मांना सारखा लावावा. वक्फ मंडळांवर बिगरमुस्लिम सभासद घेण्याचा २०२५ च्या दुरुस्तीतला वाद याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात केंद्रीय परिषदेवर २२ पैकी चारपेक्षा आणि राज्य मंडळावर ११ पैकी तीनपेक्षा जास्त बिगरमुस्लिम नकोत असं न्यायालयाने सांगितलं. देवळाच्या समितीवर सरकारी माणूस नको म्हणणाऱ्याने आणि वक्फ मंडळावर तो नको म्हणणाऱ्याने एकमेकांचे युक्तिवाद एकदा शेजारी ठेवून वाचावेत.

७. दानपेटीतला पैसा सरकारच्या तिजोरीत जातो का?

महाराष्ट्रात नाही. तो त्या संस्थेच्या निधीत जमा होतो आणि संस्थेच्या उद्दिष्टांवरच खर्च करायचा असतो. शाळा, रुग्णालय, पाणी योजना यांवर देवस्थान खर्च करतं तेव्हा ते त्या कायद्यात किंवा न्यासपत्रात बसतं का, एवढंच तपासायचं.

कसं तपासायचं? कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेला (शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर) थेट माहितीचा अधिकार लावता येतो. साध्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. गावातल्या साध्या नोंदणीकृत ट्रस्टसाठी अर्ज धर्मादाय कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा आणि नोंदणी क्रमांक लिहाच. तो नसेल तर अर्ज ‘माहिती आढळून येत नाही’ म्हणून परत येतो. ‘देवस्थानचा सगळा भ्रष्टाचार कळवावा’ अशी मागणी करू नका. ‘सन अमुक ते तमुकचे लेखापरीक्षण अहवाल आणि मंजूर बदल अर्ज यांच्या प्रती’ असं मागा.

बदल अर्ज हा शब्द लक्षात ठेवा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली तो द्यावा लागतो. गावोगावी इथेच घोळ असतो. मेलेल्या विश्वस्ताचं नाव पंधरा वर्षं तसंच राहतं, नवे लोक कारभार करतात पण दप्तरात नसतात, आणि भांडण झालं की कुणाचीच सही चालत नाही.

८. देवस्थानची जमीन विकता येते का?

धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय नाही (विश्वस्तव्यवस्था कायदा, कलम ३६). भाडेपट्टाही शेतजमिनीसाठी दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीसाठी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा असेल तर मंजुरी लागते. ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा शेरा सातबाऱ्यावर असेल तर महसूल खात्याचे निर्बंध त्याशिवाय. खरेदी करणाऱ्याने हा शेरा न बघता इसार देणं ही नेहमीची चूक.

९. कुंभमेळ्यावर सरकार खर्च करतं, हजचं अनुदान होतं. हे कलम २७ मध्ये कसं बसतं?

कलम २७ चा शब्दार्थ अरुंद आहे: कराची रक्कम एका धर्मासाठीच ‘राखून’ ठेवलेली असली पाहिजे. प्रफुल्ल गोराडिया खटल्यात (२०११) न्यायालयाने म्हटलं की एकूण कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे गेला तर कलमाचा भंग होईल, किरकोळ हिस्सा गेल्याने नाही. हज अनुदान त्या कसोटीवर वाचलं. पण पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा असा आदेश आला आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंद केलं.

नाशिकचा कुंभ असो की आषाढी वारी, खर्चाचे दोन भाग करा. घाट मजबूत करणं, शौचालयं, पाणी, पोलीस, दवाखाना हा गर्दीवरचा खर्च. तेवढीच माणसं दुसऱ्या कारणाने जमली असती तरी सरकारने तो करायलाच हवा होता. पूजेचं साहित्य, आखाड्यांना मानधन, धार्मिक प्रचार हा धर्मावरचा खर्च. पहिल्याला हरकत नाही, दुसऱ्याला आहे. अंदाजपत्रकात दोन्ही एकाच शीर्षाखाली गेले की प्रश्न विचारायला जागा उरत नाही, म्हणून तपशील मागावा.

एक अपवाद खुद्द घटनेतच आहे. कलम २९०-क प्रमाणे केरळ दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वोम (देवस्थान) निधीला आणि तमिळनाडू १३ लाख ५० हजार आपल्याकडच्या देवस्वोम निधीला देतं. संस्थान विलीन होतानाच्या देण्यांचा तो वारसा आहे.

१०. आषाढीला मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात. ते घटनाबाह्य आहे का?

तसा निकाल नाही. ती घटनेतली तरतूद नाही, रूढी आहे. २०१८ मध्ये आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत आणि त्यामुळे कोणताही कायदा मोडला नाही.

बाजूने म्हणतात की विठ्ठल हे महाराष्ट्राचं सांस्कृतिक दैवत आहे, आणि मानाचा वारकरी शेजारी उभा असतो तेव्हा तो मान लोकांचाच असतो. विरोधात म्हणतात की ‘शासकीय’ हा शब्दच चुकीचा आहे. शासनाला देव नसतो. आम्हाला दुसरी बाजू पटते. रांगेत तासन्‌तास उभा राहिलेला वारकरी ज्या पायरीवर डोकं टेकवतो तिथे मुख्यमंत्र्यानेही भक्त म्हणून यावं. पदाची पाटी आणि थांबवलेली दर्शनबारी विठ्ठलाला लागत नाही.

११. सरकारी कार्यालयात सत्यनारायण, भूमिपूजन, देवाची तसबीर चालते का?

न्यायालयं इथे सौम्य आहेत. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनावर घेतलेली हरकत २०११ मध्ये दंड लावून फेटाळली गेली. दुसरीकडे मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालय इमारतीच्या पायाभरणीला न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितलं की न्यायालयाच्या कार्यक्रमात पूजाअर्चा थांबवावी, त्याऐवजी उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावं. ते भाषण होतं, आदेश नव्हता.

प्रत्यक्षात बघायच्या गोष्टी: वर्गणी सक्तीची आहे का, पूजा कामाच्या वेळेत आणि काउंटर बंद ठेवून होते का, न येणाऱ्याच्या गोपनीय अहवालावर परिणाम होतो का. टेबलाच्या काचेखालचा फोटो ही वैयक्तिक बाब. प्रवेशद्वारावर सरकारी खर्चाने बसवलेली मूर्ती ही कार्यालयाची बाब. दाखला काढायला आलेल्या माणसाला हे कार्यालय आपलं वाटतं का, हा निकष कर्मचाऱ्यांनी स्वतःला लावला तरी बरेच वाद मिटतील.

१२. शाळेत प्रार्थना सक्तीची करता येते का?

आधी शाळेचा प्रकार बघा. पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा सरकारी शाळेत, धार्मिक शिक्षण देताच येत नाही, संमतीनेही नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत देता येतं, पण अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय सहभाग घेता येत नाही. तिसरा प्रकार क्वचित: कारभार सरकारचा, पण शाळा अशा दानातून स्थापन झाली की दात्याची अटच धर्मशिक्षणाची. तिथे बंदी नाही.

संमती नसेल तर पत्र द्या, तोंडी सांगू नका. एवढं पुरे: ‘माझा पाल्य, इयत्ता व तुकडी अमुक. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार त्याने शाळेतील धार्मिक उपासनेत सहभागी व्हावे यास माझी संमती नाही. त्या वेळेत तो वर्गात शांत बसेल.’ दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण शाळेचा पहिला आक्षेप शिस्तीचा असतो.

१९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहिलेल्या पण न गाणाऱ्या तीन मुलांना काढून टाकणं बेकायदा ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाबाबत सांगितलं की प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येत नाही.

धर्मांविषयी शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्ञानेश्वरी, कुराण किंवा बायबलमधला उतारा भाषेच्या पुस्तकात असू शकतो. २००२ च्या अरुणा रॉय निकालात माहिती देणं आणि धर्मशिक्षण यांत फरक केला आहे. वर्गात ‘ते असं मानतात’ हे वाक्य चालतं, ‘आपण असं मानलं पाहिजे’ हे नाही.

१३. भोंग्यांचा नियम कोणाला लागू आहे?

सगळ्यांना. मशीद, देऊळ, मिरवणूक, लग्नाचा डीजे, प्रचारसभा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

प्रार्थना ध्वनिवर्धकावरच झाली पाहिजे असं कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच म्हटलं आहे. ११२ वर फोन करताना वेळ, जागा आणि ‘परवानगी आहे का ते तपासा’ हे सांगा. मोबाइल ॲपवरचा डेसिबलचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, अधिकृत मोजणी लागते. तक्रार एकाच धर्माच्या भोंग्याची करायची आणि स्वतःच्या गल्लीतला गणपती-डीजे सोडायचा, याने तक्रारीचं वजन जातं. नियमाचा हेतू झोप आणि आरोग्य वाचवणं आहे.

१४. रस्त्यात देऊळ किंवा दर्गा आहे. पालिका काढू शकते का?

हो. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशानंतर सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धर्मस्थळ उभं राहू देता येत नाही. त्याआधीच्यांचा एकेक करून निर्णय: नियमित करणं, हलवणं किंवा काढणं. म्हणून पहिला प्रश्न बांधकामाच्या तारखेचा येतो. जुने फोटो, वीजबिल, पालिकेचं सर्वेक्षण हे पुरावे चालतात.

१५. निवडणुकीत धर्माच्या नावाने मत मागितलं तर?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली तो भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ च्या अभिराम सिंग निकालाने (४ विरुद्ध ३) उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करणंही त्यात आणलं. महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरण विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचं. रमेश प्रभू यांची निवड भाषणांवरून रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम केलं. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या प्रकरणात मात्र ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल’ हे वाक्य केवळ आशा आहे, मतांचं आवाहन नाही, असं धरलं. एकाच दिवशीच्या दोन निकालांतून कळतं की भाषणातला नेमका शब्द टिपून ठेवणं किती गरजेचं आहे.

प्रचार चालू असताना निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल सुविधेवर व्हिडिओ टाका. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. मुदत चुकली की संपलं. धर्मस्थळाच्या आवारात राजकीय सभा झाली तर १९८८ चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधक कायदाही लागतो. तो फार कमी वापरला जातो.

१६. अर्जात धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिता येतं का? शपथ देवाची घ्यावीच लागते का?

लिहिता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सांगितलं की धर्म जाहीर करायला सरकार कुणाला भाग पाडू शकत नाही. शपथेसाठी ‘ईश्वरसाक्ष’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ असे दोन पर्याय तिसऱ्या अनुसूचीतच आहेत.

इथे एक खाच आहे. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाने धर्माशी बांधलेला आहे: आधी हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. जातीचा दाखला आणि पडताळणी बाकी असताना धर्माचा रकाना बदलण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारा. अनुसूचित जमातींना ही अट नाही.

१७. समान नागरी कायदा हा याच वादाचा भाग आहे का?

शेजारचा आहे. कलम ४४ हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून बजावता येत नाही. १९५१ च्या नरसू आप्पा माळी निकालात मुंबई उच्च न्यायालयाने व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवले. आजच्या वादाचं मूळ बरंचसं तिथे आहे. ज्यांना धर्माच्या कायद्याबाहेर लग्न करायचं आहे त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आजही खुला आहे. ३० दिवसांची नोटीस ही त्यातली सगळ्यात त्रासदायक पायरी, कारण ती फलकावर लागते आणि घरच्यांना कळते.

१८. अल्पसंख्याक संस्थांना वेगळे हक्क म्हणजे सरकारचा पक्षपात नाही का?

कलम ३० धार्मिकच नाही, भाषिक अल्पसंख्याकांनाही आहे. अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरतं (टी. एम. ए. पै निकाल, २००२), म्हणून महाराष्ट्रात गुजराती आणि सिंधी संस्थांनाही हा दर्जा मिळतो आणि बेळगावात मराठी संस्थेला. शिक्षकांची पात्रता, परीक्षा, हिशेब यांतून सुटका नाही. प्रार्थनेच्या संमतीचा नियम (प्रश्न १२) कॉन्व्हेंटलाही तितकाच लागू.

१९. तक्रार कुठे करायची?

ट्रस्टचा गैरकारभार असेल तर धर्मादाय आयुक्त. विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अ खाली निर्देश मागता येतात. कारभाराची योजनाच बदलून हवी असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५०-अ खाली हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी अर्ज करावा. देवळात नियमित दर्शनाला जाणारा भाविक त्यात बसतो. शाळा असेल तर मुख्याध्यापक, मग शिक्षणाधिकारी. कार्यालय असेल तर विभागप्रमुख. बहिष्कार असेल तर थेट पोलीस ठाणं. जातपंचायतीकडे दाद मागायला जाऊ नका. मूलभूत हक्काचा भंग असेल तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय, पण त्याआधी लेखी अर्ज आणि त्याची पोच हातात असू द्या. पोच नसलेली तक्रार पहिल्या तारखेलाच अडकते.